एकावर एक रेषा

ऑटोकॅडमधली रेषा आणि स्टाड-प्रोमधला मेंबर पडद्यावर सारखेच दिसतात. पण रेषा म्हणजे नुसती खूण, आणि मेंबर वजन घेतो. एकातून दुसऱ्यात जाताना काय होतं हे कॉलेजात फारसं कुणी सांगत नाही. आपल्या मंडळातली बरीच मुलं-मुली आता सिव्हिलला आहेत, म्हणून लिहितेय.

पद्धत सोपी आहे. शेडच्या कैचीतल्या प्रत्येक अँगलची फक्त मध्यरेषा काढायची. हा झाला वायरफ्रेम. मी त्याला काड्यांचं घर म्हणते. मग त्याची डीएक्सएफ फाइल करून ती स्टाडमध्ये आणायची. डीएक्सएफ 1982 ची, ऑटोकॅडच्या पहिल्या आवृत्तीइतकीच जुनी. रेषांची टोकं तिथे नोड होतात, रेषा मेंबर होतात. अँगल कुठला, आधार कुठे, भार किती, हे सगळं नंतर आपणच सांगायचं.

काही चुका हसवणाऱ्या असतात. मिलिमीटरमधलं ड्रॉइंग मीटर समजून घेतलं, तर 18 मीटरची कैची 18 किलोमीटर होते. ऑटोकॅडमध्ये उंची झेडकडे, स्टाडमध्ये सहसा वायकडे. आयात करताना ते सांगितलं नाही, तर उभी इमारत आडवी झोपते. दोन रेषा जुळल्यासारख्या दिसतात पण मध्ये दोन-चार मिमीची फट असते. मग सांधाच होत नाही आणि प्रोग्राम ढाचा अस्थिर असल्याची ओरड करतो. ओरडतो ते बरंच.

खरी भीती न ओरडणाऱ्या चुकीची. गेल्या वर्षी एका शेडची कैची बाहेरून काढून आली. आमच्या नव्या मुलाने ती आयात केली, भार दिले आणि खुशीत म्हणाला, "पास थई गयुं, मॅडम!" खालच्या आडव्या अँगलच्या जोडीचं गुणोत्तर 0.62. एकाच्या आत म्हणजे उत्तम.

मी आधी कैचीचं स्वतःचं वजन बघते. कागदावर ते साधारण 900 किलो येत होतं, प्रोग्राम 1100 च्या वर सांगत होता. हे 200 किलो लोखंड आलं कुठून? खालच्या रेषेवर कॉपी-पेस्टमध्ये तीच रेषा पुन्हा बसली होती. डोळ्यांना एक, प्रोग्रामला दोन मेंबर, आणि दोघं ताण निम्मा-निम्मा वाटून घेत होते. जादा रेषा काढली, तर गुणोत्तर 1.24. कटिंग दुसऱ्या दिवशी सुरू होणार होतं.

ऑटोकॅडमध्ये ओव्हरकिल ही आज्ञा अशा दुहेरी रेषा काढते, स्टाडमध्येही डुप्लिकेट मेंबर तपासता येतात. दोन्ही वापराच. पण एकमेकींना छेदणाऱ्या ब्रेसिंगला मध्ये सांधा आहे की नाही, हे आपल्यालाच ठरवावं लागतं. रेषा नुसत्या ओलांडल्या म्हणून नोड होत नाही. शेवटी सगळ्या आधारांच्या प्रतिक्रियांची बेरीज आणि आपण दिलेला एकूण भार जुळवायचा. दहा मिनिटांचं काम, कॅल्क्युलेटर पुरतो.

आपल्या लक्ष्मीविलास राजवाड्याचे वास्तुकार मेजर मँट 1881 मध्ये वारले. पुढचं काम रॉबर्ट चिझम यांनी पूर्ण केलं. आपली आकडेमोड चुकली या धास्तीने मँटनी जीव दिला, अशी गोष्ट बडोद्यात सांगतात. खरं-खोटं देव जाणे, राजवाडा मात्र ठणठणीत उभा आहे. एवढी धास्ती नकोच, पण त्या मुलाच्या "पास थई गयुं"मध्ये ती थोडीशी हवी होती.

त्या रात्री 65 बाय 65 बाय 6 चे अँगल जाऊन 75 बाय 75 बाय 8 चे आले. शेडचे मालक वाढलेल्या वजनावरून बराच वेळ कुरकुरले. मुलगा आता फाइल उघडली की आधी वजन विचारतो.