चांदीच्या गावातला हिशेब

खामगावला रजतनगरी म्हणतात, आणि २०२५ साली चांदीनं दुपटीहून मोठी उडी मारली. ज्यांच्या तिजोरीत विटा पडून होत्या, ते हातपाय न हलवता श्रीमंत झाले. समईला, करंड्याला आकार देणाऱ्या कारागिराची घडणावळ काही भावासोबत दुप्पट होत नाही. उलट भाव चढला की गिऱ्हाईक वजनात काटकसर करतं. म्हणजे धातू राखणारा वर गेला आणि धातूला रूप देणारा होता तिथंच राहिला.

या गावाला हे नवीन नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. कास्तकारांनी म्हणे बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या. अतिशयोक्ती असेल, पण अशी गोष्ट रचली जावी इतका पैसा नक्कीच आला होता. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळला. त्याच तेजीवर मुंबईत शेअरांचे इमले चढवणारे प्रेमचंद रायचंदही त्या वर्षी बुडाले. विद्यापीठाला त्यांनी दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर मात्र आजही वेळ सांगतो. वऱ्हाडातली काळी जमीन, नांगरट, वेचणी यांत त्या चार वर्षांत काहीच बदललं नव्हतं. बदललं होतं ते साता समुद्रापलीकडे. पुढे १८७० मध्ये जलंब-खामगाव रेल्वे सुरू करायला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीनं आला. व्हाइसरॉयला इथवर आणलं ते कापसाच्या गाठींनी.

आजही तेच. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ठरला ८,११० रुपये. मधल्या काळात शेतकऱ्याची समाजाला असलेली गरज घटली, असं कोणी म्हणेल का? आणि किलोमागे मजुरी घेऊन वेचणाऱ्या बाईचं नाव तर या हिशेबात कुठंच येत नाही.

तरी संपत्ती म्हणजे निव्वळ नशीब किंवा लबाडी, असं म्हणणं आळशीपणाचं होईल. जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको काढली, संकरित बियाणं शेतकऱ्याच्या दारात नेलं आणि १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळवला. त्यांनी पैसा केला, पण काही देऊन केला. अमेरिकी अर्थतज्ज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांनी तर २००४ मध्ये हिशेब मांडला की तिथल्या नवकल्पनांच्या लाभातला जेमतेम २.२ टक्के वाटा त्या आणणाऱ्यांच्या पदरात पडला. बाकीचा समाजानं खाल्ला. श्रीमंतांच्या बाजूनं याहून चांगली साक्ष नाही.

फक्त ते दोन टक्केही सगळ्यांना मिळत नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंकडे दोन एकरांहूनही कमी जमीन होती, शाळा तिसरीपर्यंत. १९८३ मध्ये धानाच्या बांधीत त्यांना वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी राखल्या, पुढल्या वर्षी वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या. निपजलेल्या बारीक तांदळाला तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून एचएमटी नाव पडलं. शेजाऱ्यानं बी मागितलं, ते त्यांनी दिलं. कृषी विद्यापीठानं १९९४ मध्ये नेलं आणि १९९८ मध्ये ‘पीकेव्ही एचएमटी’ म्हणून आणलं. सरकारी सुवर्णपदक मिळालं, तर तेही अस्सल निघालं नाही, अशा बातम्या छापून आल्या. फोर्ब्सनं २०१० मध्ये त्यांना प्रभावी ग्रामीण उद्योजकांत गणलं. यादीत नाव होतं, घरात पैसा नव्हता. जून २०१८ मध्ये ते गेले.

वाण निपजवणाऱ्या शेतकऱ्याचा हक्क मानणारा कायदा संसदेनं केला तो २००१ मध्ये. तोवर एचएमटी गिरण्यांत, किराणा दुकानांत आणि लग्नाच्या पंगतींत पोचला होता.