दोन अग्निप्रवाहांमधील सरोवर

नागपूरच्या सीताबर्डीची टेकडी १८१७ च्या रणसंग्रामामुळे इतिहासात अजरामर झाली. परंतु तिच्या काळ्या पाषाणांमध्ये दडलेल्या गाळाच्या थराने त्या लढाईपेक्षाही अधिक काळ माझे चित्त गुंतवून ठेवले आहे. १८४५ मध्ये स्कॉटलंडहून नागपुरास आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी सीताबर्डी, टाकळी आणि आसपासचा मुलूख धुंडाळून त्या थरातून गोगलगाईंचे शंख, माशांचे खवले, फळे, बिया, इतकेच नव्हे तर भुंग्यांची कठीण पंखावरणेही उजेडात आणली.

त्यांतील ‘फायसा’ या गोड्या पाण्यातल्या गोगलगाईचा शंख टोक वर करून समोर धरला, तर त्याचे मुख डाव्या बाजूस उघडते. बहुतेक शंखांच्या उलट असलेले हे वळण, ज्या जीवाने ते घडवले त्याच्या देहाचा कणही उरला नसताना, दगडात जसेच्या तसे टिकून राहावे, याचे नवल मला आजही वाटते. लाव्हारसाचा एक लोट थिजला, त्याच्या खोलगट भागांत पाणी साचले, काठावर झाडे रुजून फळांवर आली, आणि मग पुढच्या लोटाने ते सारे झाकून टाकले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या त्या उत्पातात केवळ संहारच पाहणाऱ्यांनी मधल्या या दीर्घ स्वस्थतेचीही दखल घ्यावयास हवी, कारण सृष्टी तिथे पुनःपुन्हा नव्याने संसार मांडत होती.

तिसरे रघुजी निवर्तल्यावर १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले, आणि त्याच सुमारास हिस्लॉप व हंटर यांचे निरीक्षण लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेपुढे गेले. मांगलीच्या वालुकाश्मात सापडलेल्या प्राचीन उभयचराच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी केले व त्या प्राण्यास ‘ब्रॅकिऑप्स’ हे नाव दिले. वैदर्भीय भूमीचे हे दप्तर वाचले गेले ते परदेशात, याची खंत वाटते; तथापि ज्यांनी ते प्रथम उघडले, त्यांच्याविषयी कृतज्ञताच दाटून येते.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतत असता बोरीनजीक पुराच्या पाण्यात हिस्लॉप यांचा अंत झाला. नागपुरातील महाविद्यालयास त्यांचे नाव आहे. तिथल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या तळहातावर, मग तो कोणत्याही शाखेचा असो, टाकळीचा तो डावखुरा शंख एकदा तरी ठेवला जावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.