अर्जातला एक शब्द

आमच्या घरात त्या जनावराचं नाव कुणी घेत नसे. घेतलं तर चाळीस दिवस जबान नापाक राहते, असं दादी म्हणायची. शेतात नासधूस झाली की अब्बा एवढंच सांगायचे, "रात को वो आए थे."

गेल्या भाद्रपदात सातवीतला एक मुलगा वर्गात रोज डुलक्या घेऊ लागला. विचारलं तर म्हणाला, "सर, रातभर मचाणावर असतो. डबा वाजवत." सेनगाव तालुक्यात त्यांचं तीन एकर सोयाबीन. कळप एका रात्रीत अर्धा एकर लोळवून गेला होता.

मग त्याचे वडील आले. शहरातली काही मंडळी रविवारी दोन जीप, कुत्री आणि बंदुका घेऊन यायला तयार होती. परवाना नाही, पैसेही नकोत. त्यांना फक्त शिकार हवी होती. वडिलांनी विचारलं, "आपण खाणार तर नाही ना सर. मग जायज आहे का?"

पूर्वी छावण्यांतले इंग्रज अधिकारी घोड्यावरून, भाल्याने रानडुकरं मारत आणि त्याला खेळ म्हणत. हिंगोलीतही अशी छावणी होती. पण आपल्याकडे जिवंत प्राण्याला निशाण्यासाठी उभं करायला हदीसमध्ये मनाई आहे. खाणं हराम आहे, म्हणून मारणं हा तमाशा होत नाही. पीक वाचवणं वेगळं, मजा वेगळी. शिवाय अंधारात सुटलेली गोळी शेजारच्या मचाणावरचं पोर ओळखत नाही. मी हे सगळं सांगितलं.

ते म्हणाले, "सर, तुम्हाला पगार आहे."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी कागद घेतला. 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या कलम 11 मध्ये उभ्या पिकासाठी परवानगीची सोय आहे. 2015 साली राज्य शासनाने रोही आणि रानडुकरांसाठी ती पद्धत सोपी केली. मात्र मारलेलं जनावर सरकारची मालमत्ता ठरतं. गट नंबर लिहिला, सातबारा जोडला, नुकसानभरपाईसाठी वेगळा अर्ज केला. 'रानडुक्कर' लिहिताना हात क्षणभर थांबला. मग आठवलं, खिंजीर हा शब्द तर कुरआनातच आहे. हाफिजसाहेब तरावीहमध्ये तो पढतातच.

जीप आल्या नाहीत. परवाना आला तोवर सोयाबीनची काढणी झाली होती. वडील म्हणाले, "चला, हरभऱ्याला कामी येईल."

मुलगा अजून मचाणावर जातो. पहिल्या तासाला मी त्याला उठवत नाही.