भिजलेला मोबाईल

‘उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग’ ही म्हण आपण बहुधा दुसऱ्याला हंसण्यासाठींच वापरतों. ती कधीं आपल्यालाही लागू पडेल असें सहसा कोणास वाटत नाहीं. मलाही वाटलें नव्हतें. परंतु गेल्या श्रावणांत एका सायंकाळीं ती मला अशी लागू पडली कीं, तिचा विसर मला जन्मभर पडावयाचा नाहीं. ती हकीकत येथें सांगण्याचें कारण इतकेंच कीं, मजवर आलेला प्रसंग आज घरोघर येतो. आणि त्या वेळीं काय करावें हें ठाऊक असणारीं माणसें मात्र थोडीं आढळतात.

आमचें गांव ओझर. तें मुंबई-आग्रा रस्त्यावर, नाशिकच्या जवळच, बाणगंगेच्या कांठीं वसलेलें आहे. बाहेरच्या लोकांस तें दोन गोष्टींमुळें ठाऊक असतें. एक द्राक्षें व दुसरी विमानें. १९६४ सालीं येथें मिग विमानांचा कारखाना निघाला आणि तेव्हांपासून ‘ओझर मिग’ असें जोडनांवच होऊन बसलें. आमच्या घरांत या दोन्ही गोष्टींचा संगम झालेला आहे. वडील द्राक्षांची बाग पाहतात, आणि आजोबांनीं आपलें उभें आयुष्य त्या कारखान्यांत विजेच्या तारा जोडण्यांत घालविलें.

वडिलांचा मोबाईल जुना व साधाच होता. परंतु त्यांत आमचा अर्धा संसार सांठविलेला होता. कोणत्या दिवशीं बागेवर कोणतें औषध किती फवारलें याचीं टिपणें त्यांत होतीं. व्यापाऱ्याच्या पावत्यांचीं छायाचित्रें होतीं. आणि या सर्वांहून मोलाची अशी आणखी एक वस्तु त्यांत होती. आमची आजी गेल्या माघांत वारली. तिनें घरून वडिलांना केलेल्या फोनांपैकीं चार बोलणीं त्या मोबाईलवर मुद्रित होऊन राहिलीं होतीं. त्यांत विशेष असें कांहींच नव्हतें. “अरे, आभाळ आलंय, बागेतून नीघ आतां,” एवढेंच एकींत होतें. परंतु आजीचा आवाज म्हणून जगांत जें कांहीं उरलें होतें, तें या चार बोलण्यांतच होतें.

त्या सायंकाळीं वडील ट्रॅक्टरवर बसून फवारणी करीत होते. औषधानें मोबाईल खराब होऊं नये म्हणून त्यांनीं तो विश्वासानें माझ्या हातीं दिला व मला विहिरीजवळच्या हौदापाशीं उभें केलें. पाऊस नुकताच उघडला होता आणि हौदांत तांबड्या ढगांचें सुंदर प्रतिबिंब पडलें होतें. त्याचें छायाचित्र काढण्याचा मोह मला आवरला नाहीं. मी वांकलों, पाय शेवाळावरून सरकला, मी सांवरलों, पण मोबाईल हातांतून निसटून पाण्यांत गेला. हौदाच्या तळाशीं त्याचा पडदा अजून उजळलेला दिसत होता. मी कपड्यांसकट आंत उतरलों व त्याला बाहेर काढलें.

आतां माझा शहाणपणा ऐका. पडदा चालू आहे असें पाहून मला कोण आनंद झाला! मीं शर्टानें तो पुसला, जोरजोरानें हालविला, फुंकर मारली, आणि हें चालतें का, तें चालतें का, म्हणून एकामागून एक सर्व बटणें दाबून पाहिलीं. काढलेलें छायाचित्र नीट आलें कीं नाहीं, हेंही मीं पाहून घेतलें! असा पाव तास गेला. मग पडद्यावर उभ्या रेघा उमटल्या, तो थरथरला आणि एकाएकीं काळा झाला.

माझ्या मनांत पहिला विचार आला तो वडिलांना सांगण्याचा नव्हे, तर लपविण्याचा. मोबाईलला चार्जर लावला म्हणजे तो पुन्हां जागा होईल आणि कोणास कांहीं कळणार नाहीं, असें ठरवून मी मागच्या दारानें घरांत शिरलों. चार्जरचें टोंक मोबाईलपासून दोन बोटांवर असेल नसेल, इतक्यांत ओसरीवरून आजोबांनीं विचारलें, “ओल्या अंगानें काय करतोस रे तिथें?”

खोटें बोलावयास एक क्षण पुरला असता. परंतु त्या क्षणीं आजीचा आवाज मला आठवला आणि रडूं कोसळलें. मीं सर्व सांगून टाकलें. आजोबांनीं रागाचा एक शब्दही काढला नाहीं. त्यांनीं आधीं भिंतीवरचें बटण बंद केलें, माझ्या हातांतील चार्जर काढून घेतला आणि म्हणाले, “पोरा, आधीं वीज तोड, मग काय झालें तें बघ. कारखान्यांत नवा पोरगा आला कीं पहिल्या दिवशीं आम्ही त्याला हेंच सांगत असूं.” पडदा काळा असला तरी आंत वीज चालू असूं शकते, म्हणून त्यांनीं बंद करण्याचें बटण बराच वेळ दाबून धरलें. नंतर वरचें आवरण काढलें, सिमकार्डाचा खण बाहेर घेतला, सुती कोरड्या फडक्यानें सर्व बाजू टिपल्या, चार्जरचें भोंक खालीं करून मोबाईल तळहातावर हलकेच आपटला आणि तो पंख्याच्या वाऱ्यांत उभा करून ठेविला. चूल नको, ऊन नको, केंस वाळविण्याचें यंत्र नको, भोंकांत काडी किंवा कापूस नको, अशी त्यांची सक्त ताकीद होती. उष्णतेनें बॅटरी बिघडते व आंतील डिंक सुटतो. काडीनें पाणी आणखी आंत ढकललें जातें.

तेवढ्यांत शेजारच्या काकू तांदळाचा डबा घेऊन आल्या. भिजलेला मोबाईल तांदळांत पुरावा, हा उपाय आज सर्वतोमुखीं झाला आहे. आजोबांनीं त्यांचे आभार मानून डबा परत दिला. कोरडा तांदूळ जवळच्या हवेंतील दमटपणा थोडाफार ओढतो हें खरें. परंतु मोबाईलच्या पोटांतील पाणी कांहीं तो ओढून काढीत नाहीं. उलट त्याची कणी व पीठ भोंकांत जाऊन बसतें. अ‍ॅपल कंपनीनेंही २०२४ सालीं आपल्या ग्राहकांस तांदळाचा उपाय करूं नका असें स्पष्ट कळविलें आहे. वाहती कोरडी हवा व वेळ, हाच घरचा उपाय होय.

पाण्यानें मोबाईल बिघडतो तो कसा, हें आजोबांनीं त्या रात्रीं मला समजावून सांगितलें. शुद्ध पाणी विजेला फारशी वाट देत नाहीं. परंतु शुद्ध पाणी आपल्याला मिळतें कोठें? विहिरीच्या पाण्यांत क्षार विरघळलेले असतात. बागेंतील ठिबकच्या नळ्यांना जो पांढरा थर धरतो, तो त्यांचाच. क्षारांच्या पाण्यांतून वीज सहज वाहते. मोबाईलच्या पोटांत तांब्याच्या अतिशय बारीक वाटा एकमेकींना खेटून असतात. त्यांच्यामध्यें असें पाणी शिरलें आणि बॅटरी चालू असली, म्हणजे वीज नेमलेली वाट सोडून भलतीकडे धांवते. इतकेंच नव्हे, तर ती एका बाजूचें तांबें विरघळवून दुसऱ्या बाजूला नेऊन बसविते. मोरचुदाच्या द्रावणांत वीज सोडून तांब्याचा मुलामा चढविण्याचा प्रयोग आपण प्रयोगशाळेंत पाहतों. तसाच प्रयोग भिजलेल्या मोबाईलमध्यें आपोआप सुरू होतो. बॅटरीचा दाब जेमतेम पावणेचार व्होल्ट असतो, पण एवढ्या नाजुक वस्तूचा नाश करण्यास तो पुरतो. वीज तोडली कीं हा प्रयोग थांबतो. मागें राहिलेला ओलावा गंज चढवितो, पण तो सावकाश. म्हणून पहिलें काम वाळविण्याचें नव्हे, तर बंद करण्याचें. आणि तो पाव तास मीं काय केलें होतें, हें तेव्हां माझ्या नीट ध्यानांत आलें.

रात्रीं मीं वडिलांना स्वतःच सांगितलें. ते रागावले असते तर मला बरें वाटलें असतें. त्यांनीं एवढेंच विचारलें, “आईचा आवाज त्यांतच होता ना?” आणि ते अंगणांत जाऊन बसले.

पुढचे दोन दिवस मला फार जड गेले. मोबाईल समोर दिसत होता. बटण दाबून पाहावें असें दर घटकेला वाटे. कांहींतरी करणें मनुष्याला सोपें असतें. कांहीं न करतां वाट पाहणेंच कठीण. तिसऱ्या दिवशीं आजोबा व मी तो न लावतांच बाजारांतील दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेलों. त्यानें तो उघडून प्रथम बॅटरीची जोडणी सोडविली व भिंगाखालीं मला आंतील भाग दाखविला. चार्जरच्या भोंकाजवळ, तांब्याच्या भांड्यावर चढतात तसे, हिरवे डाग पडले होते. विशिष्ट प्रकारच्या अल्कोहोलनें त्यानें तो भाग धुतला, वाळविला आणि मग मोबाईल लावला. अर्धाच पडदा उजळला. परंतु तो जिवंत होता!

“आतां गंमत पाहत बसूं नका, आधीं सगळें उतरवून घ्या,” असें त्यानें बजावलें. त्याच्याच दुकानांत आम्ही टिपणें, पावत्या व तीं चार बोलणीं दुसरीकडे उतरवून घेतलीं. खात्रीसाठीं एक लावून पाहिलें. खरखरत्या आवाजांत आजी म्हणाली, “अरे, आभाळ आलंय...” आजोबा तोंड फिरवून रस्त्याकडे पाहूं लागले.

दहाव्या दिवशीं तो मोबाईल कायमचा बंद पडला. आंत लागलेला गंज आपलें काम करीतच राहिला होता. हौदावरच तो बंद केला असता तर कदाचित् वांचला असता. त्या ‘कदाचित्’ शब्दाचें ओझें माझें मलाच वाहावयाचें आहे.

मित्रहो, कांहीं नव्या मोबाईलांवर पाण्यापासून संरक्षण असल्याची खूण असते. ‘आयपी ६७’ म्हणजे एक मीटर पाण्यांत तीस मिनिटें. परंतु ही परीक्षा नव्या वस्तूची व स्वच्छ पाण्यांतील असते. साबण, समुद्र व झिजलेलें रबर तिच्या हिशेबांत नसतात. चार्जर लावलेला असतांना मोबाईल भिजला तर त्याला हात लावण्यापूर्वीं भिंतीवरचें बटण बंद करावें. भिजल्यावर तो गरम होऊं लागला, फुगला किंवा त्याला वास आला, तर मुळींच हाताळूं नये. घरांतील माणसांस दूर करून मोठ्यांस बोलवावें. आणि जें गमावल्यास पुन्हां मिळणार नाहीं, तें एकाच ठिकाणीं कधींही ठेवूं नये.

आतां दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं घरांतील सर्व मोबाईलांतील ठेवा मी दोन ठिकाणीं उतरवून ठेवितों. वडिलांनीं नवा मोबाईल घेतला. त्यावर त्यांनीं पहिल्यानें काय घातलें, तें सांगावयास नकोच. पुढें भाद्रपदांत एकदां बागेवर ढग दाटून आले, तेव्हां त्यांनीं तो माझ्या हातीं दिला व नेहमींच्याच स्वरांत म्हणाले, “धर रे, सांभाळ.” मीं तो दोन्ही हातांनीं घेतला आणि हौदापासून दूर जाऊन उभा राहिलों.