दोन्ही तीरांवरचे सैन्य

दिवाळीचा आणि लढाईचा संबंध काय, असे एखाद्या परदेशी पाहुण्याने विचारले, तर त्याला काय उत्तर द्यावे? स्वयंपाकघरात करंज्यांना मुरड घातली जात असते, दारात रांगोळी निघत असते, आणि त्याच घरची पोरे अंगणात बुरूज रचून तोफा रोखत बसलेली असतात! हा सण प्रकाशाचा, आनंदाचा, बहीणभावाच्या मायेचा. पण गोणपाटावर चिखल थापून, त्यावर हळीव पेरून, गुहेत वाघ आणि सिंहासनावर शिवाजीमहाराज बसविल्याशिवाय मराठी मुलाला तो पुरा झाल्यासारखा वाटत नाही.

या किल्ल्यांत मापाचा हिशेब कधीच जुळत नाही. मावळा तटापेक्षा उंच असतो. गवळणीची घागर तोफेहून मोठी असते. महाराज तर एवढे भव्य असतात, की ते उठून उभे राहिले तर गडाचा महादरवाजा त्यांच्या गुडघ्याशी येईल. मोठ्यांना याचे हसू येते. मला मात्र त्यात चूक दिसत नाही. जो मनात मोठा, तो मातीतही मोठा, असा मुलांचा साधा हिशेब असतो.

परंतु सगळ्या जगाचा हिशेब इतका उदार नाही. माझा एक भाचा इंग्लंडात नोकरीला आहे. दोन वर्षांपूर्वी तो दिवाळीला सोनपेठला आला, तो एक पत्र्याची पेटी घेऊन. सौभाग्यवतीला वाटले, विलायती बिस्किटे असतील. पेटी उघडली तर आत कापसात निजविलेले शिपाई! करंगळीच्या दोन पेरांएवढा एकेक. भाच्याने सांगितले, "मामा, ही अठ्ठावीस मिलिमीटरची फौज आहे." एवढ्याशा शिपायाच्या कोटाला बटणे होती आणि बटणांना पिवळा रंग दिलेला होता. आधी काळ्या रंगाचा हात द्यायचा, मग अंगरख्याचा रंग, मग पातळ शाई सोडायची. ती घड्यांत जाऊन बसते आणि सावली पडल्यासारखी दिसते. तीस वर्षांचा हा घोडा नाकाला भिंग लावून रात्र रात्र हे करीत बसतो, आणि दरवर्षी वसंत ऋतूत लंडनच्या एक्सेल नावाच्या प्रचंड दालनात 'सॅल्यूट' नावाची जत्रा भरते, तिथे आपली फौज घेऊन जातो! मेजावर डोंगर, नद्या, गावे मांडलेली असतात. दोघे समोरासमोर उभे राहून फासे टाकतात, फुटपट्टीने पावले मोजतात आणि जुन्या लढाया पुन्हा लढतात. अमेरिकेत 1968 साली लेक जिनीव्हा नावाच्या लहानशा गावात अशीच एक जत्रा सुरू झाली. 'जेन कॉन' तिचे नाव. आता ती इंडियानापोलिसला भरते, आणि 2023 साली तिथे 70,000 च्या वर माणसे लोटली होती. आपल्याकडे एवढी गर्दी वारीला होते किंवा निवडणुकीच्या सभेला.

हे वेड आजचे नाही. 1824 साली प्रशियाच्या एका तरुण लेफ्टनंटाने, राइसविट्झने, नकाशावर ठोकळे मांडून लढाई खेळण्याचे नियम छापले, आणि तिथल्या सैन्याने ते अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी उचलले. आपल्या मराठी माणसाला याचे नवल वाटू नये. हत्ती, घोडे, उंट आणि प्यादी घेऊन पटावर युद्ध करणे आपण त्याच्या कितीतरी आधी शिकलो होतो. पुढे 1913 साली एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने 'लिटल वॉर्स' नावाचे पुस्तकच लिहिले. खेळातल्या तोफेतून लाकडी गोळी सोडायची आणि शिशाचे शिपाई पाडायचे, असा त्याचा खेळ. हा गृहस्थ युद्धाचा वैरी. त्याचे म्हणणे एवढेच, की माणसांना लढायची हौसच असेल तर ती दिवाणखान्याच्या फरशीवर फेडून घ्या. दुसऱ्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. लहान लढाईचे पुस्तक मोठ्यांनी वाचले नसावे!

भाचा गेला, पण त्याची कल्पना माझ्या वर्गातल्या पोरांच्या डोक्यात राहिली. गेल्या वर्षी दसरा झाला आणि सात-आठ जण माझ्या ओसरीवर येऊन बसले. "सर, औंदा किल्ला नको. लढाई करू."

कोणती लढाई करायची? आमच्या भागात डोंगरी किल्ले नाहीत. उदगीर, कंधार, औसा, परांडा हे सगळे भुईकोट. पण आमच्या तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी आहे, आणि याच गोदावरीच्या काठी, वरच्या अंगाला बीड जिल्ह्यात, शनीचे राक्षसभुवन आहे. तिथे 10 ऑगस्ट 1763 रोजी पेशव्यांची आणि निजामाची लढाई झाली. त्याच वर्षी निजामअलीने पुणे लुटून जाळले होते. तो औरंगाबादेकडे परतू लागला. निम्मे सैन्य घेऊन तो पैलतीरी गेला आणि दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडे राहिला. मध्ये श्रावणातली भरलेली गंगा. मराठ्यांनी नेमकी तीच वेळ गाठली. राघोबादादा होते, आणि अवघे अठरा वर्षांचे माधवराव पेशवे होते. दिवाण मारला गेला. निजामाला पलीकडून पाहत राहण्यापलीकडे काही करता आले नाही.

अठरा वर्षे म्हणताच पोरांचे डोळे मोठे झाले. लढाई ठरली.

मग मातीचा शोध. आमची काळी माती कापसाला सोने, पण मूर्तीला वैरीण. वाळली की तडकते. जुन्या माळवदावरची पांढरी माती चांगली, पण ती आता मिळते कुठे? घरोघरी स्लॅब पडले. शेवटी नदीकाठची चिकणमाती आणली, ती चाळली, तिच्यात कापूस पिंजून घातला आणि दोन दिवस ओल्या पोत्याखाली मुरू दिली. पहिले पंधरा शिपाई घोट्यात मोडले. तेव्हा पोरांनी अंगरख्याचा घेर जमिनीपर्यंत सोडला, की शिपाई आपल्या घेरावरच उभा राहतो. कुंभाराची गवळण पिढ्यान् पिढ्या याच युक्तीवर उभी आहे. खराट्याच्या काड्यांचे भाले झाले. घोड्यांसाठी पोळ्याच्या बैलांचा साचा घेतला, शिंगे काढली, माना लांबविल्या; तरी ते घोडदळ पोळ्याला मारुतीच्या देवळाकडे निघाल्यासारखेच दिसे! एका शिपायाची किंमत शंभर माणसे धरली. अशी एकशे ऐंशी माणसे ओसरीवर वाळत पडली.

पण सैन्य तयार होऊ लागले तसा एक पेच उभा राहिला. जो तो पेशव्यांचे शिपाई करीत होता. निजामाची बाजू कोणी घेईना. मावळ्यांची प्लास्टरची चित्रे बाजारात हवी तेवढी मिळतात. शत्रू कोणी विकत नाही आणि कोणी घेतही नाही. आमच्या किल्ल्यांवर वर्षानुवर्षे मावळे कोणाशी लढत असतात, देव जाणे!

त्या मुलांत एक मुसलमानाचा पोरगा होता. हाताने सगळ्यांत तयार. त्याच्या शिपायांना नाक-डोळे असत. कोणीतरी सहज बोलून गेले, "सर, निजाम ह्यालाच द्या की. बरं दिसंल." वाईट हेतू कोणाचाच नव्हता. तो पोरगा काही बोलला नाही. हातातली माती मळत राहिला, नुसतीच मळत राहिला.

मी वहीचे पान फाडले, चिठ्ठ्या केल्या आणि टोपीत टाकल्या. त्याला पेशव्यांची चिठ्ठी आली. सर्वांत मोठ्याने बोलणाऱ्याच्या वाट्याला विठ्ठल सुंदर आला. त्याचे तोंड उतरले. मग मी त्यांना दोन्ही छावण्यांतली माणसे मोजून दाखविली. निजामाचा हा दिवाण कोण? मराठी बोलणारा ब्राह्मण. नागपूरकर जानोजी भोसले लढाईच्या आधी कोणाकडे? निजामाकडे, ऐन वेळी तो फुटून पेशव्यांकडे आला. आणि तीन वर्षे आधी, 1760 च्या फेब्रुवारीत, आपल्या उदगिरापाशी निजामावर मराठ्यांचा तोफखाना कोणी चालविला? इब्राहिमखान गारद्याने. तो आधी निजामाच्याच चाकरीत होता, आणि पुढच्याच वर्षी पानिपतावर मराठ्यांसाठी लढून मेला.

पोरे गप्प झाली. मग तो मातीवाला पोरगा म्हणाला, "सर, मंग ह्यात आपला कोण आन् त्यांचा कोण?"

मी म्हटले, "ते पगड्यांवरून कळत नाही, एवढे ध्यानात ठेवा."

गंमत अशी, की विठ्ठल सुंदर मिळालेला पोरगा दोन दिवसांत त्या दिवाणावर जीव टाकू लागला. "मालक पलीकडं निघून गेला आन् ह्याला ठिवला मागं," असे तो कळवळून सांगे. दिवाणाचा हत्ती त्याने तीनदा मोडून केला. ज्याला आपण हाताने घडवितो, त्याचा द्वेष करणे कठीण असते. भाचा मला सांगत असे, की त्याच्याकडे दोन्ही बाजूंच्या फौजा आहेत आणि दोन्ही त्यानेच रंगविल्या आहेत. तेव्हा मला त्यात नुसती खर्चाची उधळपट्टी दिसली होती. आता तिचा अर्थ कळू लागला.

नदीवरूनही भांडण झाले. पोरांनी निळा रंग कालवला होता. काठच्या गावाहून शाळेला येणारा एक जण उसळून म्हणाला, "श्रावणात गंगा निळी? बघितली का कधी?" पुराची गोदावरी तांबूस, गढूळ. शेवटी आणलेल्याच मातीचे पाणी करून नदी रंगविली. ती इतकी खरी दिसली, की शेजारच्या आजींनी हात जोडले.

नियम आम्ही आमचे केले. फाशांऐवजी कवड्या. सुतळीला गाठी मारून माप केले. पायदळ एक वीत चालणार, घोडदळ दोन. नदी ओलांडायला तीन डाव थांबायचे. हा शेवटचा नियमच खरी लढाई ठरला. इतिहासाच्या पुस्तकात 'मध्ये नदी होती' हे तीन शब्द मी वीस वर्षे शिकवीत आलो आहे. त्या तीन शब्दांत काय भरले आहे, ते मुलांना तेव्हा कळले, जेव्हा पैलतीरी निम्मी फौज सुखरूप उभी होती आणि अलीकडची एकेक कमी होत होती.

धनत्रयोदशीपासून ओसरीवर जत्रा भरली. लोक येत, फराळाचे खात, पाटावर वाकून पाहत. पहिले दोन्ही डाव पेशव्यांनी जिंकले. तिसऱ्यात कवड्या उलट्या पडल्या आणि दिवाण तगला! एकच गिल्ला झाला. "सर, हे चालतं का? इतिहास तसा न्हाई!" मी सांगितले, झालेले बदलत नाही. पण ते तसेच होणार होते, हे त्या दिवशी काठावर उभ्या असलेल्या कोणालाही ठाऊक नव्हते. त्या अठरा वर्षांच्या मुलालाही नव्हते. म्हणून तर त्याचे मोल.

भाऊबिजेच्या दिवशी आमच्या गल्लीतल्या एक बाई आल्या. त्यांचा मुलगा फौजेत आहे, सरहद्दीवर. सणाला त्याला रजा मिळाली नव्हती. त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. डाव चालू होता. पडलेले शिपाई पोरे उचलून बुटाच्या खोक्यात टाकीत होती.

"पडलेले कुठं टाकायलात रे?" त्यांनी विचारले.

"खोक्यात, काकू. पुढच्या डावाला लागतेत."

त्या खाली बसल्या. खोक्यातले शिपाई एकेक काढून त्यांनी नदीच्या काठाला ओळीने निजविले. पेशव्यांचे आणि निजामाचे असे काही त्यांनी निवडले नाही. बहुधा त्यांना ते ओळखूही आले नसतील. मग पदराला हात पुसून म्हणाल्या, "इथं ऱ्हाऊ द्या. दिसायला पायजेत."

त्यानंतरच्या प्रत्येक डावात पोरांनी पडलेले शिपाई काठावरच ठेवले. मी तसा नियम सांगितला नव्हता. डाव संपेपर्यंत ती ओळ वाढत जाई, आणि जिंकणारा ओरडण्याआधी एकदा तिच्याकडे पाही.

वेल्ससाहेबाला जे पुस्तक लिहून सांगावे लागले, ते त्या बाईंनी एका वाक्यात सांगितले. खेळातले युद्ध चांगले, कारण त्यातला मेलेला पुढच्या डावाला उठतो. पण तो उठतो म्हणून तो पडलाच नव्हता, असे मात्र होऊ नये. मुलांच्या हातात बुरूज, तोफा आणि तलवारी देताना आपण एवढी काळजी घेतली, तर हा सण आणि ती लढाई यांत विसंगती उरणार नाही. पणतीचा उजेड तटाच्या आतही पडतो आणि बाहेरही पडतो. तिला बाजू नसते.

माती भाजलेली नव्हती. तुळशीचे लग्न झाल्यावर पोरांनी सगळे सैन्य टोपल्यांत भरले, सायकलींना बांधले आणि गोदावरीला नेऊन सोडले. कोणाचे कोणते, हे पाण्यात क्षणभर ओळखू येत होते. मग नुसती माती राहिली. यंदाही ती तिथूनच आणायची आहे. पोरांनी या वर्षी उदगीर ठरविले आहे, आणि इब्राहिमखानाच्या चिठ्ठीसाठी आत्तापासून तिघे भांडत आहेत.