दोन यमुना

"या धड्यांत लेखकाचा हेतु काय?" असा प्रश्न परीक्षेंत घातला कीं उत्तरें बहुधा तीनच येतात : बोध, माहिती किंवा मनोरंजन. जणु तीन डबे मांडून ठेविले असून प्रत्येक लेखक त्यांपैकीं एकांत बसलेला सांपडावयाचाच! या उत्तरांचा आम्हांस कंटाळा आहे. म्हणून वरच्या वर्गांत आम्ही दोन पुस्तकें जोडीनें पुढें ठेवितों.

पहिलें बाबा पदमनजी यांचें 'यमुनापर्यटन' (इ. स. १८५७) व दुसरें हरि नारायण आपटे यांचें 'पण लक्षांत कोण घेतो?' दोन्हींतील नायिकेचें नांव यमुना आणि दोघींच्याही कपाळीं वैधव्य. विषय एक, नांवही एक. मग हेतु एकच काय?

एका वर्षीं या प्रश्नावरून वर्गांत बराच वाद माजला. एक हिंदु विद्यार्थी उठून म्हणाला, "सर, पहिलें पुस्तक धर्मांतरासाठीं लिहिलें आहे. मग त्यांतलें खरें तरी कशावरून मानावें?" एका ख्रिस्ती मुलीस हें लागलें. ती म्हणाली, "नाहीं सर, तें विधवांचें दुःख सांगण्यासाठींच लिहिलें आहे." आम्ही स्वतः ख्रिस्ती, तेव्हां सारा वर्ग आमच्या तोंडाकडे पाहूं लागला.

आम्हीं दोघांसही पुस्तकाकडेच परत धाडिलें. त्याचें उपनांवच 'हिंदुस्थानांतील विधवांच्या स्थितीचें निरूपण' असें आहे. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीं झाला व दुसऱ्याच वर्षीं हें पुस्तक निघालें. म्हणजे कायद्यानें दिलेली मोकळीक समाज देईना, अशा वेळीं तें लिहिलें गेलें. मुलीचें म्हणणें येथवर खरें. परंतु शेवटीं यमुना ख्रिस्ती होते व ख्रिस्ती गृहस्थाशींच पुनर्विवाह करिते. हा शेवट लेखणींतून चुकून उतरलेला नव्हे. मुलाचें म्हणणेंही खरें. बाबांनीं दोहोंपैकीं एकही हेतु लपविलेला नाहीं, आणि आपल्या धर्माचा लेखक म्हणून आपणही तो लपवूं नये, असें आम्हांस वाटतें.

राहिला खरेंखोट्याचा प्रश्न. लेखकाचा हेतु कळला म्हणजे सावधपणें वाचावें हें ठीक. पण हेतु आवडला नाहीं म्हणून हकीकत खोटी ठरत नाहीं, आणि आवडला म्हणून ती खरीही ठरत नाहीं. तिची पारख निराळी करावी लागते. ती कशी करावी, असें त्या मुलानें विचारतांच आम्हीं त्याच्या हातीं दुसरी यमुना दिली.

आपट्यांना कोणास ख्रिस्ती करावयाचें नव्हतें. त्यांची कादंबरी १८९० सालीं त्यांनींच काढिलेल्या 'करमणूक' पत्रांतून क्रमशः आली. पत्राचें नांव करमणूक, आणि आंत केशवपनाची विटंबना! 'मनोरंजन' हा डबा येथें कसा पुरावा? आपटे उपदेशाला उभे राहत नाहींत. यमूलाच बोलूं देतात. तिच्या माहेरच्या व सासरच्या बारीकसारीक गोष्टी ऐकतां ऐकतां वाचक त्या घरचाच होऊन जातो, आणि तिच्यावर प्रसंग गुदरतो तेव्हां त्याला परक्यासारखें दूर उभें राहतां येत नाहीं. बाबा वाचकाला बोट धरून घरोघरीं नेऊन दुःख दाखवितात आणि शेवटीं वाटही दाखवितात. आपट्यांच्या पुस्तकाच्या नांवांत प्रश्न आहे, आणि त्याचें उत्तर त्यांनीं वाचकावरच सोंपविलें आहे.

हेतु ओळखावयाचा तो अशा खुणांवरून : लेखक कोणाशीं बोलतो, कोठें रेंगाळतो, काय झटकन् आटोपतो. कधीं तो स्वतःच सांगतो. लूकनें आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभींच तो सांगितला आहे, योहानानें विसाव्या अध्यायाच्या अखेरीस. उलट वर्तमानपत्रांत 'एका रोगमुक्त गृहस्थाचें आभारपत्र' छापून येतें, त्याच्या तळाशीं औषधाची किंमत असते!

पंधरा दिवसांनीं त्या मुलानें दुसरें पुस्तक परत आणून दिलें. पहिल्याचा शेवट आपणांस अजूनही पटत नाहीं, असें त्यानें स्पष्ट सांगितलें. परंतु मधल्या बायकांच्या हकीकती पुन्हां वाचावयाच्या आहेत म्हणून तें पुस्तक मात्र तो घरीं घेऊन गेला.