ईशान्येची बाजू

उलुरू लांबून एकच दगड वाटतो. ऑस्ट्रेलियाच्या मध्यावर, सपाट लाल वाळवंटात ३४८ मीटर उंच. जवळ गेलं की गुहा, भेगा, पाण्याच्या काळ्या रेघा, सावलीतले पाणवठे दिसू लागतात. मूळ खडक करडा. त्यातलं लोखंड गंजून तो लाल झालाय.

मी जूनमध्ये गेले, तिथल्या हिवाळ्यात. पायथ्याची फेरी साधारण १० किलोमीटरची. मुटिजुलु पाणवठ्यापाशी कुनिया नावाच्या अजगर-बाईची गोष्ट सांगतात. भाच्याचा सूड घ्यायला तिने घातलेले घाव म्हणजे खडकावरच्या त्या भेगा. अनांगू लोकांसाठी ही नुसती गोष्ट नाही, कायदा आहे: कसं वागायचं, कुणाची जबाबदारी कुणावर. त्याला ते ‘जुकुर्पा’ म्हणतात.

ईशान्येला पाट्या लागतात: इथे फोटो काढू नका. इथले खडकांचे आकार त्यांना पवित्र ग्रंथासारखे आहेत. ते जागेवरच पाहायचे. काही जागा फक्त बायकांच्या, काही फक्त पुरुषांच्या. फोटो निघाला की तो कुणाच्या नजरेला पडेल, यावर ताबा राहत नाही.

कोकणात देवराईतली वाळकी काटकीही उचलत नाहीत. कारण कुणी समजावत बसत नाही, तरी पाळलं जातं. त्यामुळे पाटी परकी वाटली नाही. फोन खिशात टाकला. थोडा वेळ हात शिवशिवले, मग चालणं आपोआप संथ झालं.

चढाईची जुनी वाट पश्चिमेला आहे. लाखो बुटांनी घासलेला फिकट पट्टा खडकावर अजून दिसतो. १९८५मध्ये सरकारने जमीन अनांगूंना परत केली, पण राष्ट्रीय उद्यानासाठी ती ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने लगेच सरकारकडे द्यायची, या अटीवर. ‘चढू नका’ अशी विनंती ते वर्षानुवर्षं करत राहिले. लोक चढत राहिले. काही जण त्यात मेले, आणि आपल्या जमिनीवर पाहुणा मेला याचं दुःख अनांगूंनी वाहिलं. चढाई बंद झाली २६ ऑक्टोबर २०१९ला. त्याआधी शेवटची संधी म्हणून रांगा लागल्या होत्या.

मालकीचा कागद मिळाल्यावरही आपल्याच जागेत ‘नाही’ म्हणायला ३४ वर्षं लागली. विनंतीचा नियम झाला, तेव्हाच लोक थांबले.

माझ्या फोनमध्ये उलुरूचे बरेच फोटो आहेत, सूर्यास्ताचेही. ईशान्येच्या बाजूचा एकही नाही. तिथली गोष्ट मला कुणी सांगितली नाही. सांगायलाच हवी, असंही नाही.